तिसरं ताट

तुम्ही कधी कुणाला भरवलंय का? लहान मुलाला नव्हे, मोठ्या माणसाला. ज्याने सगळा जन्म स्वतःच्या हाताने खाल्लं, आणि आता चमचा समोर आला की आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो, मग आपलं तोंड उघडतो, अशा माणसाला? नसेल भरवलं, तर एक सांगून ठेवते. भरवताना हात कमी चालवायचा आणि थांबायचं जास्त. घास गिळला की गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते. ती खाली आल्याशिवाय पुढचा चमचा उचलायचा नाही. हे मला ज्या बाईने शिकवलं, तिचीच ही हकीकत आहे.

त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांच्याहून कितीतरी मोठी माणसंसुद्धा ताईच म्हणत. शहरातल्या एका मोठ्या स्वयंपाकघरातून एकटी राहणारी म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली, हातापायांनी अधू अशा सगळ्यांना दोन वेळचं जेवण जाई. जिथे नुसता डबा पोचवायचा तिथे व्हॅनचा ड्रायव्हर पोचवी. जिथे शेजारी बसून भरवायचं तिथे बायका उतरत. ताई त्यांतल्या जुन्या. कुणी तोंड मिटून घेतलं, कुणी ताट भिरकावलं, की स्वयंपाकघर चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणत, ताईंना पाठवा. ताईंना स्वतःला त्याचं काही विशेष वाटत नसे. माणूस उपाशी आहे आणि आपल्या हातात जेवण आहे, एवढा साधा हिशेब त्यांच्या डोक्यात असे.

त्यांच्या वाट्याला एक घर आलं. जुनी इमारत, तिसरा मजला, बोळासारख्या लांब व्हरांड्याच्या अगदी टोकाला दार. व्हरांड्यातला दिवा बहुधा गेलेलाच. घरात दोघंच. काका पूर्वी बसवर कंडक्टर होते. अंगाने सडसडीत, आवाज अजून खणखणीत, पण दोन्ही हातांना सतत कंप. चमचा ओठांशी पोचेतो निम्मा रिकामा होई, आणि जेवण झालं की त्यांच्या ताटाभोवती हातभर शितं पसरलेली असत. पहिल्याच दिवशी ते ताईंना म्हणाले होते, "आयुष्यभर हलत्या गाडीत उभा राहिलो, ताई. आता गाडी थांबली, पण हातांना कुणी सांगितलंच नाही."

काकूंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत. पण डावी बाजू त्यांच्या जगातून वजा झाली होती. डोळे अधू नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांना दिसतं, पण डोकं ते जमेस धरत नाही. केस विंचरायचे तर उजवीकडचेच. स्वेटरची उजवी बाही चढली की काकूंच्या मते स्वेटर घालून झाला. आणि ताटातलं उजवीकडचं संपलं की जेवण संपलं. डावीकडचा अर्धा भाग सुरीने कापून ठेवल्यासारखा तसाच राही, आणि काकू तक्रार करत की हल्ली स्वयंपाकघरवाले फार कमी वाढतात.

यावर उपाय अगदी साधा आहे. ताईंना तो पहिल्या वर्षीच शिकवला होता. अशा माणसाचं ताट अर्धं झालं की ते धरून फिरवायचं. डावीकडचं उजवीकडे येतं आणि माणूस पुन्हा जेवायला लागतो. ताई ताट फिरवत, काकूंच्या पुढ्यात जणू नव्याने भात आणि भाजी उगवे, काकू खूश होत. पलीकडून काका म्हणत, "बस वळली. उरलेले प्रवासी चढून घ्या." काकू त्यांना म्हणत, गप्प बसा, तुम्ही आयुष्यात कुणाला वेळेवर चढू दिलं नाहीत. रोजची ही कटकट ताईंना आवडे. घरी सुनेला त्या सांगत, ती दोघं भांडतात तेव्हा घास भराभर जातात.

असे काही महिने बरे गेले. मग एका संध्याकाळी ताईंनी ताट फिरवलं आणि काकूंनी चमचा खाली ठेवला.

"हे नको," त्या म्हणाल्या. "हे त्याचं आहे."

कुणाचं, म्हणून ताईंनी विचारलं. इथे बसतो त्याचं, काकू म्हणाल्या. कुठे बसतो, हे मात्र त्यांना सांगता येईना. सांगणार तरी कसं? ती बाजूच त्यांच्यापाशी नव्हती. खूप आठवल्यासारखं करून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "जिथे काही नाही ना... तिथे."

काका हसले. म्हणाले, मी काही त्याचं तिकीट फाडलेलं नाही, बिनतिकीट चढला असणार. ताईही हसल्या. अशा आजारात माणसं काहीबाही बोलतात, त्यांनी याहून चमत्कारिक बोलणं ऐकलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी गोडीगुलाबीने आणखी दोन-तीन घास घातले आणि विषय सोडून दिला.

पण पुढे रोज तेच होऊ लागलं. ताट फिरलं की तोंड मिटे. तुम्ही रोज त्याच्या पुढचं काढून मला घालता, काकू म्हणत, तो काही बोलत नाही म्हणून काय झालं. ताईंनी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काही दिवस त्यांच्या डाव्या हाताला बसून भरवा, म्हणजे लक्ष त्या बाजूला वळेल. प्रशिक्षणातही तसंच सांगतात. काकूंच्या डावीकडे भिंतीला लागून एक रिकामी खुर्ची असे. ताई तिच्यावर जाऊन बसल्या आणि चमचा पुढे केला. काकूंनी मान मागे घेतली. त्यांचा चेहरा कसनुसा झाला, भर समारंभात कुणाची फजिती बघावी तसा.

"ताई, उठा," त्या कुजबुजल्या. "त्याच्या मांडीवर बसलात तुम्ही."

काका खो खो हसले. ताई हसत हसतच उठल्या. ती खुर्ची हलकी होती, बसता-उठता फरशीवर खरखरायची. ताई उठल्या तेव्हा ती जागची हलली नाही. हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. घरी जाऊन भांडी विसळताना आलं, आणि हातातलं पातेलं त्यांनी तसंच नळाखाली धरून ठेवलं.

इकडे काकूंचं वजन उतरायला लागलं. गालांची हाडं वर आली, बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. दवाखान्यातून नर्सबाई काटा घेऊन आल्या. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी काकांना नीट समजावून सांगितलं की असंच चाललं तर काकूंना संस्थेत न्यावं लागेल. तिथे नाकातून नळी घालून अन्न देतात. काकांना भेटायला जाता येईल, राहता येणार नाही.

नर्सबाई गेल्या, तरी काका दार लावायचं विसरून व्हरांड्यात उभे होते. ताई निघाल्या तेव्हा त्यांनी ताईंचा पदर धरावा तसा पिशवीचा बंद धरला. हात थरथरत होता, त्यामुळे पिशवीतले डबे आतल्या आत वाजत होते. ते म्हणाले, "तिला खायला घाला, ताई. काहीही करा. तिला नेलं तर मी भांडू कुणाशी?"

त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटेकडे त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या उठून कामालाच लागल्या. भरवणाऱ्या बायका असल्या युक्त्या नेहमी करतात. एखाद्या आजोबांना वाटतं की आपला भाऊ आलाय, तर भावालाही चहा ठेवायचा. आजीला वाटतं मांजर उपाशी आहे, तर मांजराच्या नावाने बशी ठेवायची. वाद घालायचा नाही. त्यांच्या जगात एक पाऊल टाकायचं आणि घास घालून परत यायचं. ताईंनी हे इतक्यांदा केलं होतं की त्यात काही चूक होऊ शकते, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी टेबलावर तीन ताटं मांडली. काकांचं, काकूंचं, आणि डावीकडच्या खुर्चीपुढे तिसरं. म्हणाल्या, काकू, त्याचं वेगळं वाढलंय हं. आता तुमच्या ताटातलं सगळं तुमचं.

काकूंनी कान दिल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, रिकामं ताट ठेवून चेष्टा करता होय त्याची.

ताई ओशाळल्या. ताट खरंच रिकामं होतं. त्यांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. व्हॅन परत येईतो उशीर होई, म्हणून त्या आपल्यापुरतं घरून आणत. त्यातला निम्मा भात, थोडी भाजी आणि उकडलेला बटाटा तिसऱ्या ताटात ठेवला. ठेवताना त्या खुर्चीकडे वाकल्या आणि त्यांना एक वास आला. अगदी ओळखीचा वास. सकाळपासून पोटात काही नसलेलं माणूस तोंडाशी तोंड आणून बोललं की येतो, तो. ताईंना वाटलं, आपणच सकाळपासून नीट जेवलो नाही.

काकूंनी त्या दिवशी ताट फिरवून घेतलं आणि त्या चाटूनपुसून जेवल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी हाक दिली, "चला, पुढे सरका, मागे जागा आहे."

ताई स्वयंपाकघरात भांडी घासायला गेल्या. परत येऊन तिसरं ताट उचलायला गेल्या तर त्यातलं अर्धं संपलेलं होतं. डावीकडचं अर्धं. उजवीकडचा भाग, काकूंच्या बाजूचा, जशास तसा. मधोमध सरळ रेघ.

त्यांनी काकांकडे बघितलं. काका भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, मीच खाल्लं हो, टाकवत नाही अन्न. ताईंचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून डबा जरा जास्तच भरून आणू लागल्या. सून म्हणाली, आई, डबा दोन माणसांचा नेता आणि परत येता ते उपाशीच, चेहरा बघा आरशात. ताईंनी ते हसण्यावारी नेलं. काकूंचा काटा वर सरकत होता. नर्सबाईंनी एकदा येऊन बघितलं, मान डोलावली आणि पुन्हा येईन म्हणाल्या.

ताईंच्या मनाला मात्र स्वस्थता म्हणून नव्हती. काहीतरी सलत होतं आणि ते काय हे सापडत नव्हतं. व्हॅनमध्ये बसल्या की वाटे, आपण काहीतरी विसरून आलो. घरी पोचल्या की वाटे, दार उघडं राहिलं. सापडलं ते एका दुपारी, दुसऱ्याच घरी, दुसऱ्याच कुणाच्या ताटातला भात चमच्याने एकीकडे सारताना. ती सरळ रेघ. काकांच्या हाताने सरळ रेघ कशी येईल? काकांनी त्या ताटाला हात लावला असता तर टेबलभर शितं पडली असती. तिसऱ्या ताटाभोवती कधी एक शीत पडलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई मुद्दाम स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. काकूंना भरवत तिथेच बसून राहिल्या आणि तिसऱ्या ताटावर नजर ठेवली. काही झालं नाही. भात गार झाला. काकूंची घाटी वर गेली, खाली आली. ताईंनी पुढचा घास कालवायला मान खाली घातली, घास कालवला, वर बघितलं. तिसऱ्या ताटातल्या डाव्या अर्ध्यातला थोडा भात कमी झाला होता. पुन्हा काकूंच्या तोंडाकडे बघितलं, चमचा दिला, वळून बघितलं. आणखी थोडा कमी. डोळ्यांसमोर काहीच घडत नव्हतं. दोन घासांच्या मधे घडत होतं. ताई जशा काकूंच्या घाटीसाठी थांबत, तसंच कुणीतरी ताईंच्या नजरेसाठी थांबत होतं.

निघताना त्या काकांना व्हरांड्यात घेऊन गेल्या. तुम्ही खात नाही ते, हो ना, असं त्यांनी विचारलं. काकांनी मागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले की खरं सांगितलं असतं तर तुम्ही यायचं बंद केलं असतं. कुणी हात न लावता ताटातलं कमी झालेलं त्यांनीही पहिल्याच दिवशी बघितलं होतं. कोण आहे, काय आहे, त्यांना ठाऊक नव्हतं. या घरात त्यांचा संसार झाला, त्याआधी घर नवंकोरं होतं. ना इथे कुणी मेलं, ना कुणी हरवलं. ताईंनी शेजाऱ्यांकडेही आडून आडून विचारून घेतलं. त्यांनीही तेच सांगितलं. कुणाचं नाव निघालं असतं तर ताईंना बरं वाटलं असतं. नाव असलं की माणसाला समजूत तरी घालता येते.

त्यांनी मोठ्या बाईंना घर बदलून मागितलं. कारण काय म्हणून विचारल्यावर जिन्याचा त्रास होतो म्हणाल्या. बाईंनी दोन दिवस दुसरीला पाठवलं. ती दोन्ही दिवस सांगत आली की त्या आजी चमचा बघितला की दात आवळून घेतात, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. आणि ते आजोबा नुसते ताई कुठे, ताई कुठे करतात. दुसऱ्या दिवशी तिने हेही सांगितलं की नर्सबाईंचा निरोप आलाय. उद्या सकाळी त्या येणार, आपल्या देखत काकूंना खायला घालून बघणार, आणि खाल्लं नाही तर गाडी बोलावणार.

ताई ते ऐकून तशाच घरी डबा भरायला गेल्या. सून म्हणाली, अंगात कणकण आहे, आजचा दिवस जाऊ दे. ताई म्हणाल्या, एवढं एक घर करून येते. आणि दोन माणसांचा डबा घेऊन त्या निघाल्या.

पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. बाहेर वारा सुटला होता आणि व्हरांड्याच्या टोकाची खिडकी आपटत होती. दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ते नुसते बाजूला झाले. आत तो वास होता. आता खुर्चीकडे वाकावंही लागत नव्हतं, सगळ्या खोलीत भरून राहिला होता. उपाशी पोटाचा, कोरड्या तोंडाचा वास.

काकू टेबलापाशी ताठ बसल्या होत्या. दोन दिवसांत किती वाळल्या होत्या. ताईंनी काही न विचारता तीन ताटं मांडली, तिन्ही वाढली, आणि पहिला चमचा पुढे केला. काकूंनी तोंड उघडलं नाही.

काकू, एवढा घास घ्या, ताई म्हणाल्या. उद्या नर्सबाई येणार आहेत. काकांनीही हात जोडले, म्हणजे जोडायला गेले, ते एकमेकांवर आपटत राहिले. म्हणाले, अगं, घे ना, ते तुला घेऊन जातील.

"आधी त्याचं ताट फिरवा," काकू म्हणाल्या.

ताईंना कळलं नाही. मग कळलं. इतके दिवस त्या ताटातला उजवीकडचा भाग रोज शिल्लक राहत होता. रोज त्या तो उचलून टाकून देत होत्या.

"त्याला इकडचं दिसत नाही हो..." काकू हळू आवाजात सांगत होत्या, शेजारणीचं दुखणं सांगावं तशा. "मला जशी ती बाजू नाही, तशी त्याला ही नाही. इतके दिवस अर्ध्या पोटी उठतोय तो. मी कशी जेवू...?"

आणि तेवढ्यात दिवे गेले.

वाऱ्याने कुठेतरी तार तुटली असेल. खिडकीबाहेरही अंधार होता, समोरच्या इमारतीतही. काका कुजबुजले, मेणबत्ती कपाटात आहे, पण उठलं कुणीच नाही. अंधारात आधी काही ऐकू येईना. मग तिघांचे श्वास ऐकू यायला लागले. काकांचा तुटक. काकूंचा बारीक. ताईंचा स्वतःचा. आणि या तिन्हींच्या खाली आणखी एक, लांबलेला, धीर धरून बसलेल्या माणसाचा.

ताईंच्या मनात आलं, उठावं आणि जावं. दार आठ-दहा पावलांवर होतं. पिशवी इथेच राहू दे. उद्या मोठ्या बाईंना सांगू, मला जमलं नाही. मग उद्या सकाळी जिन्यावरून दोन माणसं काकूंना खुर्चीत घालून खाली नेतील, आणि काका व्हरांड्यात उभे राहतील. तिथपर्यंत ताईंना स्पष्ट दिसलं. त्यापुढे त्यांना जाववेना.

त्यांनी हात लांब केला. टेबलाची कड, मग पाण्याचा पेला, मग गार काठ लागला. तिसरं ताट. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवू लागल्या. ते फिरेना. रुसलेले म्हातारे हातात ताट आवळून धरतात, तेव्हा लागतो तसा ताण होता. ओढ नव्हती, झटका नव्हता. नुसतं धरून ठेवलेलं.

ताईंना अशा वेळी काय करायचं ते माहीत होतं. ओढायचं नाही. त्यांनी हात तसेच ठेवले आणि त्यांचा आवाज फुटला तेव्हा तो रोजचाच होता, कामावरचा. म्हणाल्या, "काढून नेत नाहीये. अजून आहे ताटात... तेच दाखवतेय. सोडा बघू."

बराच वेळ गेला. खिडकी आपटली, पुन्हा आपटली. मग ताण हळूहळू सैल झाला. ताट फिरलं.

ताईंनी हात मागे घेतले. चाचपडत काकूंचा चमचा शोधला, भरला, आणि काकूंच्या श्वासाच्या अंदाजाने पुढे नेला. चमच्याचं टोक खालच्या ओठाला टेकवलं. ओठ उघडले. ताई थांबल्या, गिळल्याचा आवाज ऐकला, पुढचा भरला. डावीकडे त्यांनी मान वळवली नाही. तिथून काही आवाजही आला नाही. फक्त तो चौथा श्वास मधेच थांबे, आणि थांबला की ताईंना समजे, घास गेला. त्यांच्या नकळत त्या त्याच्यासाठीही थांबायला लागल्या होत्या. एक काकूंना. मग थांबायचं. मग पुन्हा काकूंना. काकूंचं ताट अर्धं झालं तेव्हा ते त्यांनी अंधारातच फिरवलं, आणि काकू एक शब्द न बोलता उरलेलं जेवल्या.

दिवे आले तेव्हा काका टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होते. काकू तोंड पुसून घ्यायला मान पुढे करून बसल्या होत्या, गालावर एवढीशी लाली. तिसरं ताट धुतल्यासारखं लखलखीत होतं. खोलीत आता अन्नाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

"झोपेल आता," काकू म्हणाल्या.

ताईंनी भांडी घासली, टेबल पुसलं. डावीकडची खुर्ची पुसायची राहिली होती. तिच्यापाशी जाऊन त्या क्षणभर थांबल्या आणि फडकं खांद्यावर टाकून मागे वळल्या. झोपलेल्याला उठवायला नको, असं काहीसं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्यांना भीती वाटली नाही. ती वाटली घरी गेल्यावर. सुनेने अंगावर दोन पांघरुणं घातली तरी हुडहुडी जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन थेट स्वयंपाकघरात आला. नर्सबाई येऊन गेल्या होत्या. काकूंनी त्यांच्या देखत वाटीभर खाल्लं होतं, त्या आधार घेऊन काट्यावर उभ्या राहिल्या होत्या, आणि न्यायचा विषय नर्सबाईंनी स्वतःच मिटवला होता. ताईंनी फोन ठेवला. मोठ्या पातेल्यापाशी जाऊन त्यांनी सांगितलं की त्या घरी आजपासून तीन जेवणं लागतील. मोठ्या बाईंनी विचारलं की पाहुणे आलेत का कुणी. ताई म्हणाल्या, नाही, तिथलेच आहेत, आजवर कुणी कळवलं नव्हतं. बाईंनी तिसरा डबा उघडला आणि विचारलं, साधं भरू की कुस्करून.

"कुस्करून द्या," ताई म्हणाल्या. "त्यांना दात नाहीत."

बाईंनी कुस्करून दिलं. ताई डबा घेऊन व्हॅनमध्ये जाऊन बसल्या. व्हॅन फाटकाबाहेर पडल्यावर त्यांनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, आणि डबा मांडीवर घट्ट धरून त्या बराच वेळ आठवत बसल्या, की हे आपल्याला कुणी सांगितलं.